बिनधुराची शेकोटी

ढोकेवाडीत थंडी पडली म्हणून हिवाळा सुरू होत नसे. नाथाजीनं शेकोटी पेटवली की तो सुरू होई.

आटपाडीच्या पुढं माळावर पसरलेलं हे दोनशे उंबऱ्यांचं गाव. मधोमध नाथबाबाचं देऊळ, देवळापुढं दगडी दीपमाळ आणि दीपमाळेपासून दहा पावलांवर हातभर खोल, कडेनं दगड लावलेला एक खड्डा. तो खड्डा नाथाजीचा. सातबाऱ्यावर तशी नोंद नव्हती, पण गावात कुणाला विचारलं तरी हेच उत्तर आलं असतं. नाथाजीच्या आधी तो त्याच्या बापाचा होता.

शेकोटीची रीतही बापानंच घालून दिलेली. त्रिपुरी पौर्णिमेला बायका दीपमाळेवर पणत्या लावत. सगळ्यांत खालच्या कोनाड्यातली पणती नाथाजी सकाळपर्यंत विझू देत नसे. उजाडायच्या सुमाराला त्या ज्योतीवर तेलात भिजवलेला काकडा पेटवायचा आणि त्यानं शेकोटी लावायची. काडीपेटीला हात लावायचा नाही. तिथून महाशिवरात्रीपर्यंत तोच विस्तव चालायचा. उन्हं वर आली की निखारे राखेखाली झाकायचे, दुसऱ्या दिवशी राख बाजूला सारून फुंकर घालायची, वर दोन तुराट्या, मग डाळिंबाचं खोड. तीन महिने एकच विस्तव सांभाळणं सोपं नाही. नाथाजीनं तो एकेचाळीस हिवाळे सांभाळला होता.

बाकी आयुष्यात मिरवावं असं त्याच्या वाट्याला थोडंच आलं. तीन भावांतला मधला, म्हणून जमीन वाटून आली ती मुरमाड. सैन्यभरतीला तो आणि सयाजी एकाच ट्रकमधून गेले होते. सयाजीची छाती बसली, नाथाजीची अर्ध्या इंचानं हुकली. सयाजी हवालदार होऊन पेन्शन घेऊन परत आला आणि नाथाजी त्याच ट्रकनं त्याच संध्याकाळी. जत्रेतल्या नाटकात अकरा वर्षं त्यानं भालदाराचं काम केलं. महाराज येत आहेत एवढंच सांगायचं, आणि महाराज आले की विंगेत जायचं. सगळा उजेड महाराजांच्या तोंडावर पडायचा आणि नाथाजी अंधारात उभा राहून त्यांची भाषणं ओठातल्या ओठात पुटपुटायचा.

शेकोटीपुढं मात्र तो महाराज होता. जाळाचा उजेड तोंडावर, खांद्यावर काळं घोंगडं, समोर वीस-पंचवीस माणसं. गोष्टी सात-आठच, पण त्यातली कोयनेच्या भूकंपाची गोष्ट ऐकल्याशिवाय गावाला हिवाळा लागल्यासारखं वाटत नसे. नाथाजीचा बाप धरणाच्या कामावर मजूर होता आणि अकरा वर्षांचा नाथाजी त्याच्याबरोबर तिथल्या पत्र्याच्या खोलीत राहत होता. भर हिवाळ्यात, सगळं जग झोपेत असताना जमीन हलली. बापानं पोराला उचलून बाहेर आणलं. पोर थंडीनं निळं पडायला लागलं तसा तो पडत्या खोलीत परत शिरला, घोंगडं घेऊन बाहेर आला आणि त्याच्या टाचेमागं भिंत कोसळली. भिंत कोसळायच्या वेळेला नाथाजी हातातल्या काठीनं शेकोटीतलं खोड असं उलटवायचा की ठिणग्या दीपमाळेच्या उंचीला जायच्या. मग तो खांद्यावरच्या घोंगड्यावर हात ठेवायचा आणि हळूच म्हणायचा, “हेच ते घोंगडं.”

गोष्टीला सुरुवात कधी करायची हे आकारामतात्यावर असे. तात्या गावातला सगळ्यांत म्हातारा माणूस. नव्वदी ओलांडलेली, दोन्ही डोळे गेलेले. तरी तो रोज काठी टेकत एकटा यायचा, शेकोटीच्या धुराचा वास धरून. धूर जाड आला की चाल सरळ, पातळ झाला की थांबून मान वळवायची, की पुन्हा पावलं बरोबर. खड्ड्याच्या उगवतीकडचा, वारा न लागणारा दगड त्याचा. तात्या त्या दगडावर बसला की शेकोटी भरली असं समजायचं.

यंदा घोळ झाला तो अधिक महिन्यानं. त्यामुळं सगळे सण लांबले आणि त्रिपुरी पौर्णिमा गेली नोव्हेंबरच्या शेवटाला. थंडीनं मात्र पंचांग बघितलं नाही. दिवाळीचे आकाशकंदीलही लागले नव्हते. माणसं अजून अंगणात बाज टाकून झोपत होती. एका सकाळी उठून बघतात तर खोबरेल बाटलीत दगड झालेलं, गोठ्यातल्या म्हशींच्या पाठीवर दव गोठल्यासारखं, आणि डेअरीच्या भिंतीवरच्या तापमापकातला पारा सातावर. डेअरीचा सेक्रेटरी वीरधवल वर्तमानपत्र हातात घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवत होता. इतक्या लवकर इतकी थंडी नोंदवहीत कधी सापडलेली नाही, असं त्यात छापलं होतं. आकारामतात्याच्या हयातीत कधी अशी पडली होती का, म्हणून माणसं त्याला विचारून आली. तात्या म्हणाला, पडली असंल, पण तवा मला दिसत हुतं, म्हणून एवढी लागली न्हाई.

पहिल्याच सकाळी माणसं खड्ड्यापाशी जमली. हात काखेत, तोंडातून वाफ. नाथाजी घोंगडं पांघरून दगडावर बसला होता आणि खड्डा मोकळा होता.

“नाथाजीआण्णा, पेटवा की,” दुकानदार दादासो म्हणाला.

“त्रिपुरीला एकोणीस दिस हायत,” नाथाजी म्हणाला.

हे सांगताना त्याला मनातून बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. अख्खं गाव कुडकुडत त्याच्या तोंडाकडं बघत होतं. अशी वाट महाराजांचीसुद्धा कुणी बघितली नव्हती. घरी बनुबाईनं विचारलं, “आवं, थंडीला पंचांग कळतंय व्हय?” तर तो म्हणाला की रीत ही रीत. आज थंडी लवकर आली म्हणून मोडली, तर उद्या कुणीही उठून काडी ओढंल. बनुबाई त्याची बायको, पंचेचाळीस वर्षं त्याला ओळखून होती.  किटली उचलून दूध घालायला डेअरीवर निघून गेली.

तिसऱ्या सकाळी नाथाजी खड्ड्यापाशी आला तेव्हा तिथं एक कुत्रं होतं आणि तेही उठून चाललं होतं. डेअरीच्या बाजूनं हसण्याचा आवाज आला. नाथाजीनं कान टवकारले. वीस माणसांचं हसू होतं ते. गेली एकेचाळीस वर्षं हे हसू त्याच्या समोर बसून हसलं जात होतं, त्यामुळं कुठला आवाज कुणाचा हे त्याला बघायची गरज नव्हती. सयाजीचं खाकरत येणारं, दादासोचं नाकातलं. ती माणसं दुसऱ्या कुणासाठी हसत होती.

डेअरीच्या समोर रहिमान नदाफाचं घर. रहिमान आणि नाथाजी एका वर्गातले. रहिमान पुढं कराडच्या बाजूला एका साखर कारखान्यात बॉयलरवर लागला, पस्तीस वर्षं तिथंच काढली, नंतर मुलाकडं कराडात राहिला. बायको गेली तसा गेल्या उन्हाळ्यात गावच्या घरी परत आला होता. त्यानं दारापुढं एक तेलाचा ड्रम मधून कापून मांडला होता, खाली वीतभर उंचीवर भोकं पाडून. वरून बाभळीच्या ढलप्या टाकल्या की खालून वारा असा ओढला जायचा की जाळ निळसर, सरळ उभा राहायचा आणि धूर म्हणून यायचाच नाही. फजरची, पहाटेची नमाज झाली की रहिमान ड्रमपाशी येऊन बसायचा. कडेला चहाचं पातेलं ठेवलेलं असायचं.

नाथाजी गल्लीच्या तोंडाशी उभा राहून बघत राहिला. त्याला सगळ्यांत जास्त काय लागलं असेल तर ते सयाजीचं डोकं. सयाजी हिवाळाभर माकडटोपी घालायचा. नाथाजीच्या शेकोटीवर ती त्यानं आजवर एकदाही काढली नव्हती. धुरानं डोकं दुखतं म्हणायचा. इथं ती टोपी काढून त्यानं गुडघ्यावर ठेवली होती आणि त्याचं टक्कल जाळाच्या उजेडात सुखानं चमकत होतं.

“नाथा, ये की. चहा घे,” रहिमान म्हणाला.

“माझा झालाय,” नाथाजी म्हणाला. झाला नव्हता.

तो घरी गेला आणि दिवसभर त्या ड्रमला नावं ठेवत राहिला. तो काय जाळ म्हणायचा का, डब्यातला? शेकोटी मातीत असते. धूर नाही, ठिणगी नाही, राखेत भाजायला शेंगा नाहीत, नुसतं लोखंड तापवून बसायचं. शेवटी बनुबाई म्हणाली, “लोकं उबंला जात्यात. ठिणगी बघाया न्हाई.” त्यावर नाथाजी दोर वळायला बसला. पण दुसऱ्या दिवशी ती डेअरीवरून आल्यावर त्यानं दोर वळता वळता विचारलं, गर्दी होती का. होती म्हणाली. किती? मोजली न्हाई. हसत हुती? हसत हुती. मला काय करायचंय, असं म्हणून नाथाजीनं दोराला असा पीळ दिला की तो मधूनच तुटला.

एक माणूस मात्र नाथाजीचाच राहिला. धूर नसला तरी आकारामतात्या पावलं मोजत मोजत खड्ड्यापाशी आला आणि आपल्या दगडावर बसला. रहिमानचा जाळ बिनधुराचा, त्यामुळं तात्याला वास लागायचा प्रश्नच नव्हता. त्या दिवशी नाथाजीला त्या बिनधुराच्या जाळाचं पहिल्यांदा बरं वाटलं.

“नाथा, धूर न्हाई आला,” तात्या म्हणाला.

“त्रिपुरी व्हायचीय, तात्या.”

“मग माणसं कुठं गेली?”

“थंडीनं घरात बसल्यात.”

तात्यानं हात पुढं करून खड्ड्यावर धरले, सवयीनं, जाळ असल्यासारखे. मग विचारलं, “दुसरीकडं कुठं जाळ हाय का रं?”

“न्हाई,” नाथाजी म्हणाला.

त्याच वेळेला डेअरीकडून हसण्याचा लोट आला. नाथाजीनं घाईघाईनं कोयनेची गोष्ट सुरू केली, आणि हसू वाढेल तसा आवाज वाढवत नेला. भिंत कोसळायची वेळ आली तेव्हा त्यानं काठी उचलली, पण खड्ड्यात उलटवायला काही नव्हतं. थंडगार मातीवर काठी आपटली आणि धुरळा उडाला. तात्या ऐकत होता. त्याचा खालचा ओठ कापत होता. नाथाजीनं आपलं घोंगडं काढून त्याच्या खांद्यावर टाकलं आणि स्वतः सदऱ्यावर बसून राहिला. असे चार दिवस गेले, त्यातच दिवाळीही गेली. रोज तात्या यायचा, रोज एकदा विचारायचा, आणि रोज नाथाजी न्हाई म्हणायचा. एक हाक मारली असती, हाताला धरून शंभर पावलं नेलं असतं, तर म्हातारा उबेत बसला असता. नाथाजीला हे कळत नव्हतं असं नाही. पण तात्याला तिथं नेऊन बसवायचं म्हणजे रहिमानची शेकोटी भरली असं आपणच जाहीर करायचं.

पाचव्या दिवशी तात्या लवकर उठून गेला. अंगात कसर वाटतीया म्हणाला. नाथाजीचे पाय त्याच्याही नकळत डेअरीकडं वळले. सरळ रस्त्यानं नाही, मागच्या बाजूनं. डेअरीमागं कडब्याची गंज होती, तिच्या आडून रहिमानचं अंगण ऐकू यायचं. चोरी करायला आल्यासारखा तो कडब्याला पाठ लावून उभा राहिला.

रहिमान गोष्ट सांगत होता. आवाज साधा, घोगरा, कुठं चढवलेला नाही. दोन वाक्यं ऐकली आणि नाथाजीनं कडब्याआडून मान पुढं काढली. पत्र्याची खोली. हलणारी जमीन. पोराला उचलून बाहेर आणणारा बाप. ती गोष्ट त्याची होती. त्याच्या बापाची होती. आणि रहिमान ती ड्रममध्ये ढलप्या टाकत टाकत सांगत होता.

“तर त्येचा बा परत आत शिरला,” रहिमान सांगत होता, “आंधार असा, की हाताला हात दिसंना. चाचपडत चाचपडत घोंगडं घावलं. काळं, केसाळ, ऊन ऊन. उचललं, बगलंत मारलं, भाईर पळाला. मागं भिंत पडली. पोराच्या अंगावर घोंगडं टाकलं. तर घोंगडं ब्यां म्हणालं.”

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग असा हशा उठला की डेअरीच्या पत्र्यावरचे पारवे उडाले. शेजारणीचं शेरडू आत शिरून घोंगड्यावर बसलं होतं, घोंगडं खाली राहिलं आणि शेरडू वर आलं, असं रहिमाननं सांगितलं. आणि बापलेक सूर्य उगवेपर्यंत त्या शेरडाला मधे धरून बसले. घोंगड्यापेक्षा बरं, म्हणाला तो. घोंगडं सोताहून ऊन हुत न्हाई.

सयाजी हसता हसता डोळे पुसत होता. एकेचाळीस वर्षांत नाथाजीच्या त्या गोष्टीला माणसं गप्प झाली होती, सुस्कारे सोडले होते, एखाददुसऱ्यानं डोळे पुसले होते. हसलं कुणी नव्हतं. नाथाजीनं तिथं हसायला काही ठेवलंच नव्हतं. आणि आता ते ऐकल्यावर, नाटकातल्या माणसाच्या कानांना जे कळतं ते त्याला कळलं. त्या जागी हसू हवंच होतं. ती जागा इतकी वर्षं रिकामी होती. ती रहिमाननं भरली, आणि रागापेक्षा जास्त त्याचंच त्याला सोसवेना.

पुढच्या सकाळी तात्या आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. सयाजी रस्त्यात भेटला, म्हणाला, तात्याला ताप भरलाय, छातीत घरघरतंय. आटपाडीचा डॉक्टर येऊन औषधं देऊन गेला. म्हाताऱ्याला ऊब द्या म्हणाला. सयाजीनं टोपीची नाडी सोडली, पुन्हा बांधली आणि म्हणाला, “तुज्याकडं येऊन बसायचा म्हनं रोज. जाळ तर न्हाई तितं. मग बसायचा कशाला?”

नाथाजी मागं वळला. तो तसाच तात्याच्या घरी गेला. नातवानं नवं बांधलेलं स्लॅबचं घर, फरशी बर्फासारखी. चूल मोडून दोन वर्षं झाली होती, सगळा स्वयंपाक गॅसवर. तात्या खाटेवर दोन ब्लँकेटांखाली पडला होता आणि वर नाथाजीचं घोंगडं होतं. ते त्यानं परत नेलंच नव्हतं.

नाथाजी खाटेपाशी खाली बसला.  मग म्हणाला, “तात्या, डेअरीपाशी जाळ हुता. रहिमाननं केलाय.”

“ठाव हाय,” तात्या म्हणाला.

“कुणी सांगितलं?”

“डोळं गेल्यात. कान हायत की. एवढी माणसं रोज सकाळी भिताडाला हसत्यात व्हय?” तात्याला खोकला आला. तो सरल्यावर म्हणाला, “तू न्हाई म्हणालास. मग मी गेलो असतो तर तुजं काय ऱ्हायलं असतं?”

नाथाजीला मान वर करवेना. तात्याचा हात घोंगड्याबाहेर आला आणि हवेत तसाच धरला गेला, खड्ड्यावर धरायचा तसा.

“पेटीव की रं, नाथा. माझ्याच्यानं त्रिपुरीपातूर थांबायचं हुतंय का, ठाव न्हाई.”

नाथाजी बाहेर आला. त्याला काडीपेटी कुठंही मिळाली असती. चार घरं सोडून दुकान होतं. पण एकेचाळीस हिवाळे ज्या हातानं काडी ओढली नाही, तो हात आता ओढेना. त्याच्या लेखी काडीनं लागतो तो जाळ, शेकोटी नव्हे. शेकोटीला आधीचा विस्तव लागतो. पूर्वी घरोघर चुली होत्या, बाया शेणीच्या तुकड्यावर शेजारून विस्तव आणायच्या. आता दोनशे उंबऱ्यांत राखेखाली निखारा असेल अशी एकच जागा होती. तात्याच्या दाराशी पडलेलं घमेलं उचलून तो तिकडं निघाला.

रहिमान ड्रमपाशी एकटाच होता. उन्हं वर आली होती, माणसं पांगली होती, आणि तो पत्र्याच्या तुकड्यानं निखाऱ्यांवर राख ओढत होता. हलक्या हातानं, कडेकडेनं, मधे बोटभर श्वासाला जागा ठेवून. बरोबर नाथाजी ओढायचा तशी.

“काडी न्हाई लावत?” नाथाजीनं विचारलं.

“पयल्या दिवशी लावली तेवढीच. बॉयलर इझू द्यायचा नसतो,” रहिमान म्हणाला. “बस.”

नाथाजी बसला नाही. जे मागायला आला होता ते राहिलं आणि दुसरंच बाहेर आलं. “माझ्या गोष्टीत शेरडू कुठनं घातलंस?”

रहिमाननं मान वर केली. त्याच्या तोंडावर खरंखुरं आश्चर्य होतं. “मी कशाला घालू? तूच सांगितलंवतंस. पाचवीत. कोयनेवरनं आलास आणि शाळेमागं मला सांगितलंस. हाताला अजून शेरडाचा वास येतोय म्हणून माझ्या नाकाला हात लावलावतास.”

नाथाजीनं आपला हात नाकाशी नेला. कुठून तरी, साठ वर्षांच्या राखेखालून, तो वास वर आला. उग्र, ओला. त्याच्या छातीशी धडधडणारं एक छोटं काळीज. बापाचं हसू. दात वाजत असताना, भोवती रडारड चालू असताना, बाप त्या शेरडाकडं बघून हसला होता, आणि त्या हसण्यानंच पोराची भीती गेली होती. दर हिवाळ्याला बापाला थोडं थोडं मोठं करताना नाथाजीनं कधीतरी ते शेरडू गोष्टीतून हाकलून दिलं होतं. आणि तात्याच्या अंगावरचं ते घोंगडं? ते बापानं मागाहून खरसुंडीच्या यात्रेत घेतलं होतं. हेही आत्ताच आठवलं.

“पस्तीस वर्सं तीच गोष्ट सांगितली बॉयलरवर,” रहिमान म्हणाला. “दुसरी येतीया कुठं? पन यंत्राच्या आवाजात कुणाला ऐकू जातंय. जाळ मायंदाळ हुता, बसून ऐकणारं कोण न्हवतं. गावाकडनं कुणी आलं की मी इचारायचो, नाथाच्या शेकोटीला किती माणसं असत्यात रं?” त्यानं राख ओढायची थांबवली. “लय जळायचो मी.”

हे ऐकून नाथाजीला बरं वाटलं. भल्या माणसाला वाटायला हवं होतं तसं नव्हे, सरळसरळ बरं वाटलं. मग त्यानं हातातलं घमेलं पुढं केलं.

“इस्तू दे,” तो म्हणाला. “तात्याला पायजे.”

रहिमाननं नुकतीच ओढलेली राख बाजूला केली. चांगले, बाभळीचे, आतपर्यंत लाल झालेले निखारे निवडून निवडून घमेल्यात घातले. कमी दिले असते तर नाथाजीला आवडलं असतं, बोलायला जागा राहिली असती. पण त्यानं अर्धा ड्रम रिकामा केला.

भर गावातून नाथाजी रहिमानचा विस्तव डोक्यावर घेऊन चालला. डोक्यावरची चुंबळ गरम झाली, कानांच्या पाळ्या भाजल्या. दुकानातून दादासोनं बघितलं, डेअरीतून वीरधवलनं. बनुबाई नळावर होती. तिनं घमेल्याकडं बघितलं, नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं आणि घागर अर्धी भरलेली तशीच उचलून घरी गेली, तुराट्यांची पेंडी आणायला.

तात्याच्या अंगणात नाथाजीनं हातानं माती उकरली. खड्डा लहानच झाला. निखारे ओतले, तुराट्या घातल्या, फुंकर मारली. तुराट्या ओलसर होत्या. बचकाभर पांढरा धूर उठला आणि उघड्या दारातून थेट आत गेला.

आतून काठीचा आवाज आला.

नातवानं आणि सुनेनं दोन्ही बाजूंनी धरून तात्याला बाहेर आणलं, भिंतीला टेकून खाटेवर बसवलं, घोंगडं पायांवर टाकलं. तात्यानं धूर छातीभर ओढून घेतला, खोकला, आणि हात पुढं धरले. हळूहळू माणसं जमली. दादासो आला, वीरधवल डेअरीचं कुलूप लावून आला, सयाजी टोपीसकट आला. त्रिपुरीला अजून नऊ दिवस होते, पण कुणी पंचांग काढलं नाही. रहिमान सगळ्यांच्या शेवटी आला आणि कडेला उकिडवा बसला.

“नाथा, सांग,” तात्या म्हणाला.

नाथाजी उभा राहिला. खांद्यावर घोंगडं नव्हतं, सकाळची उन्हं होती, अंधार नव्हता की ठिणग्या दिसाव्यात. त्यानं गोष्ट सुरू केली. पत्र्याची खोली हलली, पोर बाहेर आलं, बाप आत शिरला. चाचपडलं, सापडलं, उचललं, बगलेत मारलं. भिंत पडली. नाथाजी थांबला. इथं किती थांबायचं हे रहिमानला माहीत नव्हतं. त्यानं ते वाक्य घाईनं टाकलं होतं, बोलण्याच्या ओघात. नाथाजीनं सगळ्यांना श्वास घेऊ दिला. पोराच्या अंगावर अलगद पांघरूण घालायला वाकावं तसा तो तात्याच्या खाटेकडं वाकला, घोंगड्याचं टोक उचललं, त्याच्या गळ्यापर्यंत ओढलं, आणि घोंगड्याच्या आतून आल्यासारखा, बारीक, भेदरलेला, अगदी खरा आवाज काढला.

“ब्यां.”

तात्या आधी दचकला आणि मग हसला. हसला, खोकला, पुन्हा हसला. सयाजीनं टोपी ओढून काढली, कारण हसताना ती तोंडावर आली होती. डेअरीपाशी उठलेला हशा याच्यापुढं काहीच नव्हता. ही गोष्ट त्यांनी आधी ऐकली होती, शेवट माहीत होता, तरी ती माणसं एकमेकांच्या अंगावर कलंडत होती.

नाथाजीनं मात्र त्यांच्याकडं बघितलं नाही. धुरातून त्यानं रहिमानकडं बघितलं. रहिमान हसत होता, पण इतरांपेक्षा थोडा उशिरा आणि थोडा कमी. हातातल्या काडीनं तो जमिनीवर रेघा ओढत होता आणि त्याचे ओठ हलत होते, ते शेरडू आपल्याला तसं काढता येतं का ते बघत असल्यासारखे. त्याच्या तोंडावर जे होतं ते नाथाजीनं लगेच ओळखलं. गेले कितीतरी दिवस तो ते स्वतःच्या आत घेऊन हिंडत होता.

त्यानं रहिमानला पुढं बोलावलं, आपल्या शेजारी, वारा न लागणाऱ्या बाजूला जागा करून दिली आणि शेकोटीत एक खोड सारलं. थंडी पडल्यापासून आज पहिल्यांदा नाथाजीला ऊब लागत होती.